सॉफ्टवेअर तुमचं, पण कोऱ्या लॅपटॉपवर उभं राहतं का? जावास्क्रिप्ट प्रोजेक्टच्या फाइली, सेटिंग आणि लायब्रऱ्या सांभाळायचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. तुमची ऑर्डर घेणारी वेबसाइट किंवा बिलं काढणारं सॉफ्टवेअर ज्याने बनवलं, तो माणूस उद्या फोन उचलेनासा झाला तर? दुसरा डेव्हलपर आणला, त्याला कोरा लॅपटॉप दिला, तर काम किती वेळात सुरू होईल? एक तास? एक दिवस? की सुरूच होणार नाही?

व्हिडिओत बरंच घाईत सांगावं लागलं. इथे तेच सावकाश बघू. हा धडा दोघांसाठी आहे. जे स्वतः जावास्क्रिप्ट शिकून आपल्या धंद्यापुरतं सॉफ्टवेअर लिहितात त्यांच्यासाठी, आणि जे पैसे देऊन लिहून घेतात त्यांच्यासाठीही. कोड कळला नाही तरी चालेल, पण काय मागून घ्यायचं ते कळलंच पाहिजे. एक सूचना: फाइलींची नावं आणि कमांड मी इथे मराठी अक्षरांत लिहितोय. टाईप करताना मात्र व्हिडिओत स्क्रीनवर दिसतात तशा इंग्रजीतच टाईप करा.

आधी काय घडलं ते सांगतो

आपल्या बॅचमधल्या एक ताई फराळाचा व्यवसाय करतात. चिवडा, शेव, चकली पाकिटात भरून विकतात. २०२२ साली एका मुलाकडून त्यांनी ऑर्डरची वेबसाइट करून घेतली. काम चांगलं झालं होतं. पुढे त्या मुलाला नोकरी लागली, तो परगावी गेला. जाताना त्याने पेनड्राइव्हवर एक झिप फाइल दिली आणि म्हणाला, "ताई, सगळं यात आहे." ताईंनी पेनड्राइव्ह कपाटात ठेवला आणि विसरून गेल्या.

मग आला सप्टेंबर २०२५. ३ तारखेला जीएसटी कौन्सिलने नवे दर जाहीर केले. पाकीटबंद नमकीनचा दर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि तो लागू होणार होता २२ सप्टेंबरपासून. दिवाळी महिन्यावर. म्हणजे ऐन सीझनच्या तोंडावर वेबसाइटमध्ये एक आकडा बदलायचा होता. १२ चा ५. बस्स, एवढंच काम.

नवा मुलगा आला. त्याने झिप उघडली, सवयीप्रमाणे लायब्रऱ्यांचा फोल्डर उडवला आणि सगळं नव्याने इन्स्टॉल केलं. एक लायब्ररी त्याच्या लॅपटॉपवर बसेचना. ती कशीबशी बसवली, तर बिलावरची तारीख उलटी यायला लागली, दिवसाच्या जागी महिना. आणि १२ टक्के हा आकडा चार फाइलींमध्ये चार तऱ्हांनी लिहिलेला. कुठे १२, कुठे ०.१२, कुठे १.१२. तीन ठिकाणी सापडला, चौथं ठिकाण राहिलं. २२ तारखेनंतर दोन दिवस ईमेलवर जाणारी बिलं जुन्याच दराने गेली. ताईंना गिऱ्हाइकांना फोन करून फरक परत द्यावा लागला.

जुन्या मुलाला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याने प्रामाणिकपणे काम केलं होतं आणि जे होतं ते दिलंही होतं. हातात नेमकं काय घ्यायचं, हे ताईंना कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. माझ्या कोर्समध्ये तेव्हा हा विषयच नव्हता. म्हणून आज हा धडा.

१. यादी, पक्कं बिल आणि माल

जावास्क्रिप्टचं कुठलंही काम आपण शून्यातून लिहीत नाही. तारीख दाखवायची, पीडीएफ काढायची, ईमेल पाठवायचा, प्रत्येकासाठी कोणीतरी लिहून ठेवलेली लायब्ररी मिळते. या लायब्रऱ्यांचं मोठं भांडार म्हणजे एनपीएम. २०१० पासून ते चालू आहे.

आता तीन गोष्टी नीट समजून घ्या. महिन्याचा किराणा डोळ्यासमोर आणा.

'पॅकेज डॉट जेसन' ही फाइल म्हणजे सामानाची यादी. कोणत्या लायब्रऱ्या लागतात, साधारण कोणत्या आवृत्तीच्या, ते यात असतं.

'पॅकेज-लॉक डॉट जेसन' म्हणजे दुकानदाराने दिलेलं पक्कं बिल. यादीत तुम्ही "तूरडाळ २ किलो" लिहिता, बिलावर कोणत्या कंपनीची, कोणत्या भावाची ते अगदी नेमकं असतं. तसंच लॉक फाइलमध्ये प्रत्येक लायब्ररीची अचूक आवृत्ती असते. त्या लायब्ररीला ज्या दुसऱ्या लायब्रऱ्या लागतात, त्यांचीही. तुम्ही यादीत दहा नावं लिहिली तरी घरात शेकडो पुड्या येऊ शकतात, आणि त्या सगळ्यांची नोंद फक्त बिलावर असते.

'नोड मॉड्यूल्स' हा फोल्डर म्हणजे घरी आलेला माल. हा सगळ्यात अवजड, आणि जपून ठेवायची गरज सगळ्यात कमी. यादी आणि बिल असेल तर माल केव्हाही परत आणता येतो.

ताईंच्या झिपमध्ये नेमकं उलटं होतं. यादी होती, माल होता, पक्कं बिल नव्हतं. त्यामुळे नव्या मुलाने माल टाकून दिला आणि यादीवरून परत आणला, तेव्हा तीन वर्षांनंतरचा वेगळा माल आला. नशीब, झिप जशीच्या तशी कपाटात होती. प्रत्येक लायब्ररीच्या फोल्डरमध्ये तिची स्वतःची 'पॅकेज डॉट जेसन' असते आणि तीत आवृत्ती लिहिलेली असते. जुन्या मालावरचं लेबल वाचून त्या मुलाने पुन्हा बिल तयार केलं, तेव्हा कुठे तारखा सरळ झाल्या.

तर नियम असा: यादी आणि लॉक फाइल गिटमध्ये गेलीच पाहिजे. नोड मॉड्यूल्स जाता कामा नये. त्याचं नाव 'डॉट गिटइग्नोर' फाइलमध्ये लिहायचं. शिवाय काही लायब्रऱ्यांचे भाग विंडोजसाठी वेगळे आणि मॅकसाठी वेगळे तयार होतात, त्यामुळे एका मशीनवरचा फोल्डर दुसरीकडे कॉपी केला तर तो चालेलच असं नाही.

कमांडही दोन आहेत, आणि फरक महत्त्वाचा आहे. 'एनपीएम इन्स्टॉल' लॉक फाइल वाचते, पण यादी बदललेली असेल तर बिलही बदलून टाकते. 'एनपीएम सीआय' जुना माल काढून टाकते आणि बिलाबरहुकूम तोच माल आणते. यादी आणि बिल जुळत नसेल तर सरळ थांबते, बिलाला हात लावत नाही. नवी लायब्ररी घेताना इन्स्टॉल वापरा. सर्व्हरवर चढवताना किंवा नव्या लॅपटॉपवर उभं करताना सीआय वापरा.

काही डेव्हलपर एनपीएमऐवजी यार्न किंवा पीएनपीएम वापरतात. चालेल. त्यांची लॉक फाइल वेगळ्या नावाची असते. एका प्रोजेक्टमध्ये दोन तऱ्हेच्या लॉक फाइली दिसल्या तर मात्र विचारा, खरं बिल कोणतं?

२. आवृत्तीचे तीन आकडे

यादीत लायब्ररीच्या नावापुढे ४.१७.२१ असे तीन आकडे असतात. शेवटचा वाढला तर दुरुस्ती झाली. मधला वाढला तर नवी सोय आली, जुनं तसंच आहे. पहिला वाढला तर सावध, जुनं काहीतरी मोडू शकतं.

या आकड्यांच्या आधी बऱ्याचदा टोपीसारखं चिन्ह असतं. त्याचा अर्थ, पहिला आकडा तोच ठेवून जे नवीन मिळेल ते चालेल. म्हणजे ४.१७.२१ ला टोपी असेल तर ५ च्या आतलं काहीही येऊ शकतं. लाटेसारखं चिन्ह असेल तर फक्त शेवटचा आकडा पुढे सरकतो. पहिला आकडा शून्य असेल तर टोपीही सांभाळून वागते: ०.३.१ ला टोपी असेल तर ०.४ च्या आतलंच येतं.

पण हे लक्षात घ्या, हे आकडे म्हणजे लिहिणाऱ्याने दिलेला शब्द आहे. तो शब्द पाळला जातोय की नाही, हे तपासणारं कोणी बसलेलं नाही. ताईंच्या तारखा उलट्या झाल्या त्या पहिला आकडा न बदलताच. म्हणून भरवसा टोपीवर ठेवायचा नाही, पक्क्या बिलावर ठेवायचा.

३. लायब्ररी घरात घेण्याआधी

मार्च २०१६ मध्ये काय झालं ते ऐका. 'लेफ्ट-पॅड' नावाची एक लायब्ररी होती, अवघ्या ११ ओळींची. काम काय, तर अक्षरांच्या डावीकडे मोकळी जागा किंवा शून्य भरणं. एका नावावरून वाद झाला, लिहिणाऱ्याने चिडून आपल्या सगळ्या लायब्रऱ्या एनपीएमवरून काढून घेतल्या, त्यात हीही गेली. आणि जगभर मोठमोठ्या प्रोजेक्टचं काम अडलं, कारण कुठल्या तरी लायब्ररीच्या आतल्या लायब्ररीला ती लागत होती. काही तासांत एनपीएमने ती परत ठेवली आणि पुढे काढून घेण्याचे नियमही कडक केले. गंमत म्हणजे आज हे काम जावास्क्रिप्ट स्वतःच करतं, त्याला लायब्ररी लागतच नाही.

दुसरी गोष्ट २०१८ ची. 'इव्हेंट-स्ट्रीम' नावाच्या लोकप्रिय लायब्ररीचा मूळ लेखक ती सांभाळून थकला होता. एका अनोळखी माणसाने मदत देऊ केली, त्याने विश्वासाने अधिकार दिले. त्या माणसाने आत चोरटा कोड घातला, एका बिटकॉइन वॉलेटवर डल्ला मारण्यासाठी.

आणि तिसरी अगदी अलीकडची. ताईंची धावपळ चालू होती त्याच महिन्यात, ८ सप्टेंबर २०२५ ला, 'चॉक' आणि 'डीबग' यांसारख्या घरोघरी वापरल्या जाणाऱ्या लायब्रऱ्यांच्या सांभाळणाऱ्याला खोटा ईमेल आला. तो फसला, त्याचं खातं चोरांच्या हाती गेलं आणि लायब्रऱ्यांच्या विषारी आवृत्त्या बाहेर पडल्या. त्या काही तासच उपलब्ध होत्या. ज्यांच्याकडे आधीची लॉक फाइल होती आणि जे सीआय वापरत होते, त्यांच्या घरात हा माल शिरलाच नाही. ज्यांनी नेमकं त्या तासांत नवं इन्स्टॉल केलं, त्यांना धोका होता.

म्हणून नवी लायब्ररी घेताना चार प्रश्न विचारायचे:

- हे काम जावास्क्रिप्टला स्वतःला येतं का? उदाहरणार्थ, रक्कम १,२५,००० अशी लाख-हजारांच्या स्वल्पविरामाने दाखवायला लायब्ररी लागत नाही. भाषेतच सोय आहे, आणि मराठी निवडली तर अंकही देवनागरी येतात.
- शेवटची दुरुस्ती कधी झाली? सांभाळणारं कोणी आहे का?
- हिच्या मागून आणखी किती लायब्रऱ्या येतात?
- ही गिऱ्हाइकासमोर चालताना लागते, की फक्त आपण लिहिताना? दुसरी असेल तर यादीत तिची जागा वेगळी, 'डेव्ह डिपेन्डन्सीज' मध्ये.

घेतलेल्या लायब्रऱ्यांची महिन्यातून एकदा झाडाझडती घ्या. 'एनपीएम आउटडेटेड' जुनं काय झालं ते दाखवते, 'एनपीएम ऑडिट' माहीत असलेले धोके दाखवते. अपडेट करायचं ते एका वेळी एक, आणि प्रत्येकानंतर एक खोटी ऑर्डर टाकून बघायची. आणि सीझनमध्ये अपडेट नाही! दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आपण भट्टी बदलतो का? मग हेही नाही. अपवाद एकच, सुरक्षेचा गंभीर धोका निघाला तर.

४. सेटिंग: तीन डबे वेगळे ठेवा

सेटिंग म्हटलं की सगळं एकत्र कोंबायची सवय असते. तीन डबे करा.

पहिला डबा, धंद्याचे आकडे. जीएसटीचा दर, डिलिव्हरीचे पैसे, कमीत कमी ऑर्डर किती रुपयांची. हे सगळं एकाच फाइलमध्ये, एकदाच लिहायचं. बाकी कोड तिथूनच वाचेल. ताईंच्या प्रोजेक्टमध्ये आता अशी एक फाइल आहे. त्यात दराबरोबर तो कोणत्या तारखेपासून लागू हेही आहे, म्हणजे जुनी बिलं परत काढली तर जुन्याच दराने निघतात. पुढच्या वेळी दर बदलला तर पाच मिनिटांचं काम.

दुसरा डबा, जागेनुसार बदलणाऱ्या गोष्टी. लॅपटॉपवर चाचणीचा डेटाबेस, सर्व्हरवर खरा. हे कोडच्या बाहेर, 'डॉट ईएनव्ही' फाइलमध्ये किंवा होस्टिंगच्या सेटिंगमध्ये.

तिसरा डबा, किल्ल्या. पेमेंटची गुप्त की, ईमेलचा पासवर्ड, डेटाबेसचा पासवर्ड. याही डॉट ईएनव्हीमध्येच, पण ही फाइल गिटमध्ये कधीही जायची नाही. गिटइग्नोरमध्ये तिचं नाव पहिल्याच दिवशी टाका. सोबत 'डॉट ईएनव्ही डॉट एक्झाम्पल' अशी दुसरी फाइल ठेवा. तीत फक्त नावं, समोरची जागा रिकामी. ही गिटमध्ये जाऊ द्या. म्हणजे नव्या माणसाला कळतं की कुलपं किती आहेत, किल्ल्या मात्र तुमच्याकडे.

इथे दोन चुका सर्रास होतात.

एक, गुप्त की ब्राउझरच्या कोडमध्ये टाकणं. ब्राउझरकडे जे गेलं ते गिऱ्हाइकाला उघडून वाचता येतं, कितीही लपवा. रेझरपेसारख्या सेवेत दोन गोष्टी मिळतात: की आयडी आणि की सीक्रेट. आयडी ब्राउझरमध्ये चालतो, सीक्रेट फक्त सर्व्हरवर. विट नावाचं टूल वापरत असाल तर 'विट' आणि खालची रेघ अशी सुरुवात असलेली सेटिंग थेट ब्राउझरमध्ये जातात. तिथे सीक्रेट ठेवू नका.

दुसरी, की चुकून गिटमध्ये गेली आणि मग घाईने पुसली. पुसून भागत नाही. गिट जुन्या सगळ्या प्रती लक्षात ठेवतं. अशा वेळी एकच उपाय: त्या सेवेच्या डॅशबोर्डवर जाऊन ती की रद्द करा, नवी घ्या. कुलूपच बदला.

५. नोडची आवृत्ती लिहून ठेवा

ताईंचं काम २०२२ मध्ये नोड १६ वर झालं होतं. त्या आवृत्तीचा आधार सप्टेंबर २०२३ मध्येच संपला. नव्या मुलाकडे नोड २२ होतं. एक लायब्ररी बसेना त्याचं कारण हेच, पण ते कुठेच लिहिलेलं नसल्यामुळे शोधायला दीड दिवस गेला.

उपाय एका ओळीचा. 'डॉट एनव्हीएमआरसी' फाइलमध्ये आकडा लिहा, आणि पॅकेज डॉट जेसनमध्ये 'इंजिन्स' या नावाखालीही लिहा. नोड १८ चा आधार एप्रिल २०२५ मध्ये संपला, २० चा एप्रिल २०२६ पर्यंत, २२ चा एप्रिल २०२७ पर्यंत. दुकानाच्या लायसन्सची तारीख कॅलेंडरवर लिहिता ना, तशीच ही लिहा.

६. फोल्डर कसे लावायचे

यात फार डोकं घालू नका. छोट्या प्रोजेक्टला चार-पाच फोल्डर पुरतात. फक्त त्यांना कामाची नावं द्या: ऑर्डर, बिल, गिऱ्हाईक, पेमेंट. 'नवीन', 'नवीन२', 'फायनल', 'फायनल खरंच' असली नावं दिसली की समजा, गिट वापरलेलं नाही. जुनी प्रत जपायचं काम गिटचं, फोल्डरच्या नावाचं नाही. आणि बाहेर एक 'रीडमी' फाइल. मराठीत लिहिली तरी चालेल. काय आहे, कसं सुरू करायचं, कुठे चढवायचं. दहा ओळी पुरतात.

७. कोऱ्या लॅपटॉपची परीक्षा

आता खरी कसोटी. शेवटचा हप्ता देण्याआधी ही परीक्षा घ्याच. ज्या लॅपटॉपवर हा प्रोजेक्ट कधीच नव्हता असा घ्या. डेव्हलपरला शेजारी बसवा, पण कीबोर्ड दुसऱ्याच्या हातात द्या.

१. गिटवरून कोड उतरवा.
२. एनव्हीएमआरसीमध्ये लिहिलेलं नोड बसवा.
३. एक्झाम्पल फाइलची प्रत करा, तिला डॉट ईएनव्ही नाव द्या, त्यात चाचणीच्या किल्ल्या भरा.
४. एनपीएम सीआय चालवा.
५. रीडमीमध्ये लिहिलेल्या कमांडने सुरू करा आणि एक खोटी ऑर्डर टाका. बिल बघा, तारीख बघा, कर बघा.

मध्ये कुठे डेव्हलपर म्हणाला, "हां, हे माझ्या मशीनवर वेगळं आहे," तर ते वाक्य लिहून घ्या. तेच नेमकं रीडमीमध्ये राहिलेलं असतं. अडखळत का होईना, एका तासात खोटी ऑर्डर पडली की पास.

आणि मालकांनो, हे मात्र तुमच्याच नावावर हवं: डोमेन, होस्टिंग, गिटहबचं खातं, पेमेंटचं खातं. सगळं तुमच्या ईमेलवर. डेव्हलपरला त्यात प्रवेश द्या, मालकी नाही. यात अविश्वास कसला? दुकानाचा भाडेकरार आपण नोकराच्या नावावर करतो का?

या आठवड्याचा गृहपाठ

आज फक्त एवढं करा. आपल्या प्रोजेक्टचा फोल्डर उघडा, किंवा डेव्हलपरला उघडायला सांगा, आणि बघा: लॉक फाइल आहे का? डॉट ईएनव्ही गिटमध्ये गेलेली नाही ना? कराचा दर किती ठिकाणी लिहिलाय? या तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. पुढच्या रविवारी कोऱ्या लॅपटॉपची परीक्षा.

ताईंनी ती परीक्षा या जानेवारीत घेतली. त्यांच्या भाचीच्या लॅपटॉपवर. पहिल्यांदा नापास झाल्या, डेटाबेसच्या सेटिंगचं एक नाव एक्झाम्पल फाइलमध्ये राहिलं होतं. दुसऱ्यांदा चाळीस मिनिटांत ऑर्डर पडली. तो पेनड्राइव्ह अजून कपाटात आहे, पण आता त्यावर काही अवलंबून नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत लॉक फाइल जपा!